वूस्टरची केस जिंकूनही चेरोकींना हाकललं कसं? आणि त्या मिशनऱ्याचं पुढे काय झालं?

लॉ_ची_पोरगी:
अमेरिकन घटनेच्या लेक्चरला सरांनी वूस्टर विरुद्ध जॉर्जिया (1832) दहा मिनिटांत गुंडाळली. सॅम्युअल वूस्टर नावाचा गोरा मिशनरी चेरोकी ह्या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या मुलखात राहायचा, जॉर्जिया राज्याने त्याला चार वर्षं सक्तमजुरी दिली आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की तिथे जॉर्जियाचा कायदा चालतच नाही. इथवर कळलं. पण मग सहा वर्षांत चेरोकींना तिथून हाकललं कसं? आणि हा माणूस सुटला की तुरुंगातच मेला? परीक्षेला येणार नाही हे माहितीये, पण डोक्यातून जात नाहीये.

तारीख पे तारीख:
निकाल लागणं वेगळं आणि पदरात पडणं वेगळं, जमिनीचा दावा लढलेल्या कुणालाही विचार. आधी त्याला पकडला कसा ते ऐक. जॉर्जियाने कायदा केला की चेरोकी हद्दीत राहणाऱ्या गोऱ्याने 1 मार्च 1831 पर्यंत राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढायचा, वूस्टरने काढला नाही, त्याला उचलला, तर जज म्हणे हा न्यू एकोटाचा, म्हणजे चेरोकींच्या राजधानीचा, पोस्टमास्तर, म्हणजे केंद्राचा माणूस, सोडा त्याला. मग गव्हर्नरने वॉशिंग्टनला खटपट करून त्याची पोस्टमास्तरकीच काढून घ्यायला लावली आणि जुलैत परत उचलला! सप्टेंबरमध्ये 11 जणांना शिक्षा झाली, 9 जण माफी घेऊन सुटले, वूस्टर आणि डॉक्टर एलायझर बटलर एवढे दोघंच अडून बसले आणि मिलेजव्हिलच्या तुरुंगात गेले.

3 मार्च 1832 ला सरन्यायाधीश मार्शलचा निकाल आला, जॉर्जियाने ढुंकून पाहिलं नाही. कोर्टाचं सत्र संपलेलं, पुढचं थेट जानेवारीत. त्यात नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राची जकात मानणार नाही म्हणून बंड पुकारलं, आता जॉर्जियाही तिकडे गेली तर काय, ही राष्ट्राध्यक्ष जॅक्सनला धास्ती. शेवटी मिशनच्या बोर्डानेच कळवलं की केस पुढे रेटू नका, आणि जानेवारी 1833 मध्ये दोघं सुटले. 'मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच अंमल करावा' हे जॅक्सनच्या तोंडी घातलेलं वाक्य मागाहूनचं आहे हं, पेपरात लिहू नकोस.

खिळेवाला:
कोर्टकचेरी सोडा, माणूस मुळात छापखान्यातला. बाप पाद्रीही आणि मुद्रकही. सिक्वोया नावाच्या चेरोकीने चेरोकी लिपी 1821 च्या सुमाराला पुरी केलीच होती, ह्याने बोस्टनहून तिचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडून आणवले आणि 21 फेब्रुवारी 1828 ला 'चेरोकी फिनिक्स' हा पेपर निघाला, संपादक चेरोकीच, इलायस बुडिनॉट. ती लिपी बघाच एकदा. आपल्या बाराखडीसारखं एक अक्षर म्हणजे एक उच्चार, पण आपल्याकडे ग, गी, गो मध्ये ग दिसतो तरी, तिथे प्रत्येकाचा चेहराच वेगळा. इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं ते 'ला' आणि वायसारखं ते 'गी'. एकूण 85 खिळे, कंपोझिटरची काय हालत होत असेल!

अवांतर: वूस्टरला पाठवणारं बोर्ड तेच, ज्याने धाडलेला मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला पोचला. अमेरिकन मराठी मिशन, नगरचं 'ज्ञानोदय' नियतकालिक, सगळं त्याच घरातलं.

नदीकाठ:
वूस्टर मोठा, मान्य. पण 'चेरोकी मिशनरी' म्हटलं की सगळे गोऱ्यावरच थांबतात ह्याची चीड येते. जेसी बुशीहेड स्वतः चेरोकी, बाप्टिस्ट प्रचारक, 1833 मध्ये दीक्षा घेतलेला, मिशनरी इव्हान जोन्सबरोबर भाषांतरं करणारा. मुलूख सोडून पश्चिमेला जायच्या 1835 च्या कराराला ठाम विरोध, पण 1838 मध्ये सैन्याने लोकांना कोंडल्यावर जवळपास हजार जणांचा तांडा घेऊन हाच निघाला. मिसिसिपी बर्फाने तुंबलेली, महिनाभर काठावर पडून राहिले. नदी ओलांडल्यावर त्याला मुलगी झाली, तिचं नाव एलायझा मिसुरी ठेवलं. पुढे तो चेरोकींचा सरन्यायाधीश झाला, 1844 मध्ये गेला. आणि हो, त्याच्याकडे गुलाम होते. हेही लिहायलाच हवं, नाहीतर परत एक संत तयार होतो.

खिळेवाला:
सहमत. वूस्टरचं पुढचं राहिलंच की. 1835 मध्ये तो आपणहून पश्चिमेला, चेरोकींना नेमून दिलेल्या नव्या मुलखात गेला, पुढे पार्क हिलला छापखाना थाटला, चेरोकी पंचांग छापायचा. त्याच डिसेंबरात मुलूख सोडायच्या करारावर सही करणाऱ्यांत त्याचा मित्र बुडिनॉट होता. बुडिनॉट वूस्टरच्याच आसऱ्याला राहून शेजारी घर बांधत होता. 22 जून 1839 ला काही जण औषध हवंय म्हणून आले, हा त्यांच्याबरोबर मिशनकडे चालायला लागला आणि त्या सहीचा सूड म्हणून वाटेतच त्याला कापला. माझा उजवा हातच तोडला, असं वूस्टर म्हणाला. तरी छापत राहिला, 1859 मध्ये पार्क हिललाच गेला.

लॉ_ची_पोरगी:
बापरे. सगळ्यांना धन्यवाद. आज सरांना पोस्टमास्तरचा किस्सा सांगितला तर म्हणाले, बाई, सिलॅबसपुरतं बघा. @खिळेवाला, ते पंचांग कुठे बघायला मिळेल का?