म्हणे, कांद्याची टंचाई ‘केली जाते’!

निफाडचा_नातू: ‘टंचाई हे थोतांड आहे, कांदा साठवायच्या चाळीत माल दडवून भाव चढवतात’ असं काल एकाने इथे ठोकून दिलं, आणि खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. अहो, कांदा म्हणजे काय सोनं आहे दडवायला? उन्हाळ कांदा एप्रिल-मेपर्यंत निघतो, तोच ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा. चाळीत वजन घटतं, सड लागते, दमट हवेत मोड फुटतात. तिसरा हिस्सा तर सहज जातो. त्यात परतीच्या पावसाने लाल कांदा, म्हणजे पावसाळ्यातलं पीक, झोपवला की नवा माल लांबतो. मधल्या त्या दिवसांत बाजारात कांदा खरंच कमी असतो.

दादरकरीण: आणि २०२३ च्या सप्टेंबरात नाशिकचे लिलाव बंद पडले, ते पावसाने? व्यापाऱ्यांनीच पाडले ना? तेव्हा कांदा सडला नव्हता, अडवला होता.

निफाडचा_नातू: ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, त्याचा राग होता तो. डिसेंबरात तर निर्यातच बंद केली. भाव कोसळले. तोट्यात विकलेला माणूस पुढच्या वर्षी कांदा लावताना दहादा विचार करतो. मग पुन्हा तुमचीच बोंब, कांदा महागला!

जुना_पुणेकर: टंचाई तुम्हा पोरांना काय माहीत! स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं बसलोय आम्ही. हुंड्यात स्कूटर नाही, बुकिंगची पावती दिलेली पाहिलीय.

अर्थात_मी: नाना, अगदी बरोबर. किंमत सरकारने बांधलेली आणि सरकारी लायसन्सात ठरल्यापेक्षा जास्त गाड्या काढायला कारखान्याला बंदी, म्हणून रांग आणि काळाबाजार. कांद्याला रांग नाही. पैसे मोजले की मिळतो. ती टंचाई नव्हे, महागाई.

दादरकरीण: हे पुस्तकात शोभतं. आमच्या पोळ्यांच्या बाईंनी तेव्हा महिनाभर कांदा घरी नेला नाही. त्यांना सांगा जाऊन, टंचाई नव्हती म्हणून.

जुना_पुणेकर: काळाबाजार? आम्ही एक पैसा वर दिला नाही!

चेतकवाला: सगळे असंच म्हणतात, नाना. वर्षभर वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. ती कोण घेत होतं मग?

जुना_पुणेकर: माझ्या वडिलांच्या सचोटीवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

चेतकवाला: वडिलांचं नाव कुणी काढलं? रांगेत बुकिंग क्लार्कचा मेव्हणाच कसा पुढे असायचा, तेवढं सांगा.

निफाडचा_नातू: स्कूटरवरून उतरा हो कुणीतरी!

दादरकरीण: मी कांद्यावरच आहे. सड लागते, मान्य. पण त्याच वर्षी सरकारने कांद्याचा बफर, म्हणजे राखीव साठा, ३ वरून ५ लाख टन केला. तो कुणाच्या पानात पडला?

निफाडचा_नातू: तुमच्याच. २५ रुपये किलोने गाड्यांवरून विकला आणि इकडे आमचा भाव पाडला. उपकार माना, मावशी.

दादरकरीण: मानले हो! दोन किलोला तास उभी होते उन्हात. वर तो ‘अर्थात’ म्हणतो, रांग नव्हती.

अर्थात_मी: बाजारभावापेक्षा स्वस्त विकला म्हणून रांग लागली. माझंच म्हणणं झालं की.

चेतकवाला: पण व्यापाऱ्यांना साव ठरवू नका. आमच्याकडच्या लिलावात दोघं-तिघंच बोली लावतात, भाव चहाच्या टपरीवर आधीच ठरलेला.

निफाडचा_नातू: ते खरंय. त्यावर वेगळा धागा काढा, शिव्या घालायला मी पहिला येतो.