अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रासाठी पंपाचे नग जाणार आहेत, पेटी कशी बांधू?

शिरोली_एमआयडीसी: पंप हाउसिंग आणि कपलिंग मिळून 14 नग, वजन साधारण 600 किलो. आपण गोव्यापर्यंत पोचवायचं, पुढचं जहाज त्यांचं. ऑर्डरमध्ये 'मजबूत पॅकिंग' एवढंच लिहिलंय. नेहमीची पाइनची पेटी आणि थर्माकोलचा चुरा चालेल का? हाउसिंग एफजी 260 मध्ये, म्हणजे ग्रे आयर्नच्या बिडात ओतलेली आहेत. थंडीत तडकतील का?

माल_बांधणी: दादा, थर्माकोलचा चुरा अजिबात नको. 1991 च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात तो न्यायला बंदी आहे, तशीच निर्जंतुक न केलेल्या मातीलाही. यार्डात जमिनीवर पडलेले नग धुऊन, शॉट ब्लास्ट करूनच भरा. पेटीचं लाकूड उष्णता दिलेलं आणि शिक्का असलेलं घ्या. गाभ्याला 56 अंश, सलग 30 मिनिटं.

खरा धोका थंडीपेक्षा दमटपणाचा. गोवा ते केप टाउन जहाज विषुववृत्त ओलांडतं. रात्री कंटेनरचं छत गार झालं की आतल्या हवेतलं पाणी थेंबाथेंबानं मालावर पडतं आणि मशीनिंग केलेले फेस गंजतात. ते पुसल्यावर उघड्या हातानं धरू नका, घामातलं मीठ पुरतं. गंजरोधक तेल, त्यावर व्हीसीआय फिल्म (गंज रोखणारी वाफ सोडणारं प्लॅस्टिक), मग सिलिका जेल घालून हवाबंद पिशवी. ओलं लाकूड धातूला टेकता कामा नये.

आणि 600 किलोची एकच पेटी करू नका, 150 किलोच्या चार करा. जहाज बर्फाच्या कड्याशी लागतं. तिथून मैत्री सुमारे 100 किलोमीटर आत आहे. माल पिस्टनबुलीमागच्या (बर्फावर चालणारं पट्ट्यांचं वाहन) स्लेजवरून जातो, किंवा हेलिकॉप्टरला टांगून. वाऱ्यानं कोरलेल्या टणक बर्फावर स्लेज सतत आदळते, खिळे सैल होतात. म्हणून वॉशरसह आरपार बोल्ट मारा. नग पाचरीनं अडवू नका, कारण लाकूड वाळलं की पाचर निसटते. पायाच्या भोकांतूनच तळाला आवळा. वजन, गुरुत्वमध्य आणि उचलायची जागा दोन बाजूंना व वरही रंगवा.

वितळभट्टी: हाउसिंग गरम खोलीत बसणार असतील तर एफजी 260 ठीक. पण ग्रे आयर्न धक्क्याला मुळातच कच्चं, त्यामुळे पेटी पडली तर लग (बोल्ट लावायचा कान) तुटेल. कपलिंग उघड्यावर फिरणार असेल तर एसजी 400-18-एलटी मागा, ते थंडीतही धक्का सोसणारं एसजी आयर्न; त्याची चार्पी चाचणी (धक्का देऊन तोडायची) उणे 20 अंशांना होते. त्याहून थंड जागेसाठी 350-22-एलटी, उणे 40. लोखंडात सिलिकॉन, फॉस्फरस आणि परलाइट (त्यातला कडक घटक) वाढला की ठिसूळपणा लवकर येतो, म्हणून चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, स्वच्छ ठेवा.

एक गोष्ट हमखास राहते: हायड्रो टेस्टचं, म्हणजे दाबाखाली गळती तपासायला भरलेलं पाणी. गोठताना ते 9 टक्के फुगतं, आणि खोबणीत साठलेलं वाटीभर पाणीसुद्धा भिंत फोडू शकतं. ड्रेन प्लग काढून कोरडी हवा मारा. ओ-रिंगही साध्या नायट्राइल रबराच्या नकोत, गारठ्यात कडक होऊन गळतात.

शिरोली_एमआयडीसी: पेट्या चारच करतो. गॅस्केट किती जादा देऊ?

माल_बांधणी: दुप्पट द्या, बोल्टही. मालाचं जहाज उन्हाळ्यात एकदाच जातं, मार्चनंतर काही पोचत नाही. आणि वरच एक चिठ्ठी डकवा: उबदार खोलीत आणल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नग खोलीइतका गरम होऊ द्या. नाहीतर गार लोखंडावर दव धरेल.