फोनवरचा मागचा गोंगाट: तुमचे अनुभव

रानजाई: काल लेकीचा ऑनलाइन गाण्याचा क्लास चालू होता, बाई म्हणतायत "सा लाव, तानपुरा ऐक", आणि आमच्याकडे तानपुरा ऐकूच येत नाही! बाई गायला लागल्या की जरासा येतो, थांबल्या की गायब. 2020च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ग्रुपचं अगदी हेच व्हायचं. ॲपला एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे पंखा वाटतो, मग तो पुसून टाकतं. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की येतो. त्यावरून एसटीडी बूथ आठवला, केवढी खरखर असायची तरी बाबांचं सगळं कळायचं. तुमचं सांगा.

कुकरवाली: आमच्याकडे मीटिंग आणि शिट्टी एकदमच. नॉइज सप्रेशन (मागचा आवाज काढायची सोय) लावल्यापासून शिट्टी जात नाहीच, माझी शेवटची अक्षरं मात्र जातात. साहेब विचारतात, विहिरीतून बोलताय का

बापू_नाशिक: टेलिकॉममध्ये होतो म्हणून लिहितो. जुन्या फोनवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच जायचं, स आणि फ ची फुंकर बरीचशी त्याच्या वर, म्हणून शांततेतही सई की फई कळत नाही, त्यात मागे रिक्षा असेल तर संपलंच. एचडी कॉलला 7000 पर्यंत जातं. आणि समोरचा गप्प असताना जी बारीक सूं येते ना, ती पुष्कळदा मुद्दाम घातलेली असते, कम्फर्ट नॉइज म्हणतात. नाहीतर लोक हॅलो हॅलो करून फोन ठेवतात. टेस्टिंगला माणसं बसवून 1 ते 5 मार्क घेतात. गोंगाट असला की तीन वेगळे: बोलणं किती बिघडलं, मागचं किती खुपलं, एकूण कसं वाटलं. जास्त घासूनपुसून साफ केलं की दुसऱ्यात पास, पहिल्यात नापास

टवाळ: पाचपैकी पाच कधी मिळतात का?

बापू_नाशिक: सरासरी नाही येत. चांगल्या लाइनलाही चारच्या आसपास.

टवाळ: पुणेकर बसवले असणार

डोंबिवली_फास्ट: नवरा लोकलमधून फोन करतो आणि अख्ख्या डब्याला ऐकवतो. मला स्पष्ट येत असतं, त्यालाच माझं येत नाही, ओरडतो कशाला देव जाणे

बापू_नाशिक: मुद्दाम नाही ओरडत हो, आजूबाजूला आवाज वाढला की आपला आपोआप चढतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्येच सांगून ठेवलंय

डोंबिवली_फास्ट: ह्याला घरी पण चढतो, त्याचं काय

सुमाकाकू: आमच्या ह्यांचं कानाचं मशीन. घरी ठीक, पण कार्यालयात वाजंत्री, भांडी, पोरं सगळंच मोठं होतं, मग काढून खिशात. परवा पुतणीच्या लग्नात विहीणबाई काय म्हणाल्या ते न कळताच हो हो म्हणून आले, आता दिवाळीला चौदा माणसं जेवायला आहेत

रानजाई: अगं बाई! काकू, त्यांना समोर बसवून बोलायचं, तोंड दिसलं की बरंच कळतं. माझ्या सासूबाईंचं तसंच आहे.

सुमाकाकू: करून बघते. चौदाजणांना बासुंदीला दूध किती घेऊ गं?

कुकरवाली: काकू व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते