वेतन (पेन्शन) अर्जांची जुनी संगणक प्रणाली बदलताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (खानापूर): वृद्धापकाळ आणि विधवा वेतनाचे अर्ज भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला एकच माहिती तीन-तीन पडद्यांवर भरावी लागते आणि मध्येच नेट गेले की सगळे पुसले जाते. नवी प्रणाली आखताना आधी काय बदलावे?

उत्तर (बेळगाव): आधी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून काम पाहावे. अर्धा भरलेला अर्ज आपोआप जतन होणे ही पहिली गरज आहे. दुसरी त्याहून अवघड: आपल्याकडे आधारवर इंग्रजी-कन्नड आणि शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव असते, त्यामुळे अक्षराच्या फरकावरून प्रणालीने अर्ज परस्पर फेटाळू नये, फरक दाखवावा आणि कारण नोंदवून निर्णय कर्मचाऱ्याला घेऊ द्यावा.

उत्तर (निपाणी): सहमत. कर्नाटकाच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या प्रणालीत फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच हाताळण्याचे बंधन घातले गेले, ते इथेही हवे. मात्र २०११ च्या ‘सकाला’ कायद्याने सेवांना मुदत असल्यामुळे, अपुरा अर्ज घाईने नामंजूर होऊ नये म्हणून ‘कागदपत्रांसाठी थांबलेला’ अशी वेगळी नोंद ठेवलीच पाहिजे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जुनी प्रणाली एकदम बंद करावी का?

उत्तर (बेळगाव): मुळीच नको. आधी एकाच होबळीत (तालुक्यातल्या एका महसुली विभागात) चालवून पाहावी, आणि तीही महिनाअखेरच्या गर्दीत.