आज्जा-आज्जी सांगतात, आपण टिपतो : बेळगाव सीमाभागातले अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नववीच्या मुलांना मी नेहमीचा गृहपाठ दिला नाही. घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा, ते लहानपणाचं, लग्नाचं, शेतीचं, दुखण्याखुपण्याचं जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करा आणि मग वहीत उतरवून काढा, एवढंच सांगितलं. शाळा बेळगावच्या पश्चिमेला, भाताच्या शिवारात. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि बाजारात दोन्ही, अशी ही मुलं.

पहिलीच वही उघडली तर त्यात लिहिलेलं, 'लग्न होऊन मी या गावात आले. पहाटे उठून मी दळायला बसत असे.' मग रेकॉर्डिंग ऐकलं. आज्जी म्हणत होती, 'लगीन होऊन मी ह्या गावात आलो. फाटंचं उठून दळाय बसत होतो.' आपल्याकडच्या खेड्यातल्या बायका असंच बोलतात. मी आलो, मी गेलतो, मी भाकऱ्या करतो. आणि मुलीनं ते 'सुधारलं', कारण वर्गात मीच तसं शिकवते. फार लागलं मला ते. जन्मभर 'आलो' म्हणालेल्या बाईला आम्ही तिच्याच गोष्टीत 'आले' म्हणायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या परत दिल्या आणि जसं बोलले तसंच लिहून आणायला सांगितलं. एका मुलानं विचारलं, 'बाई, शुद्धलेखनाचे गुण जाणार नाहीत?' म्हटलं, इथं नाही जाणार.

दुसरी अडचण सनांची. वर्ष कोणालाच सांगता येत नाही, पण खुणा पक्क्या असतात. लग्नात आहेर आण्यांत आला की नव्या पैशांत? नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. कोयनेच्या भूकंपाला, म्हणजे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कडेवर कोण होतं? 1980 च्या फेब्रुवारीतलं मोठं सूर्यग्रहण, ज्या दिवशी रस्त्यावर माणूस नव्हतं, तेव्हा धाकटा शाळेत जात होता का? असं विचारत गेलं की आयुष्य आपोआप जागेवर बसतं. एका आज्ज्यांच्या घरातल्या कागदांचा गठ्ठा मुलांनी सोडला, तर एकाच घरावर आधी मुंबई राज्य, 1956 नंतर म्हैसूर, 1973 नंतर कर्नाटक. उंबरा तोच.

तुम्ही विद्यार्थी म्हणून, शिक्षक म्हणून किंवा नातवंड म्हणून असं काही केलं असेल तर इथं लिहा. फसलं असेल तर तेही लिहा. गावाचं नाव चालेल, माणसांची नावं नकोत.

जांबोटीच्या पुढचं गाव, खानापूर तालुका

मी बी.ए.ला आहे. आमच्या आज्जीला पहिल्यांदा विचारलं ते श्रावणात. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की फोनमध्ये नुसती घरघर आली. तेव्हा ती पाण्याबद्दलच बोलली. ओढा भरला की माहेर तुटायचं, इरलं पांघरून दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची, बाळंतीण अडली तर चौघांनी डोलीतून न्यायची.

रेकॉर्डिंग वाया गेलं म्हणून मार्गशीर्षात परत बसलो. प्रश्न तेच. पण आता अंगणात ऊन होतं, मळणी आटोपली होती, आणि आज्जीनं भलतंच सांगायला सुरुवात केली. तिचा बाप डोक्यावर ओझं घेऊन घाट उतरून गोव्यात बाजाराला जायचा. तिकडं पोर्तुगीजांचा अंमल. मग भारत सरकारनं गोव्याची नाकेबंदी केली आणि ती वाट चोरवाट झाली. 'बा रातचा जायाचा, आणि आई दिवा लावीत नव्हती,' असं ती म्हणाली. दिवा का नाही? नाक्यावरच्या माणसाला घर जागं असल्याचं कळू नये म्हणून. 1961 च्या डिसेंबरात गोवा सुटला, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. आमच्या घरात त्याचा अर्थ रात्री दिवा लागला, एवढाच होता.

म्हणून सांगतो, एकदाच जाऊन थांबू नका. पावसात एक आठवतं, सुगीनंतर दुसरं.

आणि इरलं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. आज्जीनं माळ्यावरून एक मोडका सांगाडा काढायला लावला. बांबूच्या कामट्या, मध्ये पळसाची पानं भरलेली असायची म्हणाली, आता एकही नव्हतं. तो तिनं माझ्या पाठीवर ठेवला आणि वाकायला सांगितलं. वाकल्यावर कळलं, पाठ आणि डोकं झाकून दोन्ही हात मोकळे राहतात. उभ्या माणसासाठी ते केलेलंच नाही.

निपाणी

माझी आज्जी आधी तंबाखूच्या वखारीत आणि नंतर घरी बिड्या वळत होती. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी समोर फोन ठेवून विचारलं, 'आज्जी, तुझ्या कामाबद्दल सांग.' ती म्हणाली, 'काय सांगू, काम केलं.' पुढे काहीच नाही. तीन दिवस असंच.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून भिजवलेली पानं मागून आणली, जुनं सूप काढलं, कात्री दिली. तिनं पान हातात घेतलं, शीर चाचपून बघितली, पत्र्याचा तुकडा ठेवून कापलं आणि बोलायला लागली. हाताकडे एकदाही बघितलं नाही. तंबाखूची चिमूट सगळीकडं सारखी पसरायची, वळायची, दोरा मारायचा, तोंड नखानं आत दुमडायचं. अंगठ्याचं नख त्यासाठी वाढवलेलं असायचं. ते नख अजून तसंच आहे आणि मी जन्मल्यापासून बघत आले तरी कधी विचारलं नव्हतं.

वखारीबद्दल ती म्हणाली, तंबाखू चाळताना धुरळा एवढा उडायचा की पदर तोंडाला बांधूनही जेवणाला तोच वास. घरी आल्यावर पोरगं अंगाला चिकटायला आलं की शिंकायचं, म्हणून आधी आंघोळ, मग पोराला घ्यायचं. 'पोर रडत ऱ्हायाचं आणि मी न्हाणीत. दूध पदरात गळत असायचं.' हे सांगताना हात थांबला नाही.

आमच्या निपाणीचं नाव इतिहासात येतं ते 1981 च्या आंदोलनामुळं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवून ठेवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला. मी मोठ्या उत्साहानं त्याबद्दल विचारलं. तिला आठवत होतं, बैलगाड्यांची रांग आठवत होती, भाकऱ्या गोळा झाल्याचंही आठवत होतं. पण तिनं सांगितलेली गोष्ट दुसरीच निघाली. वखारीचं काम थांबलं, मजुरी थांबली आणि घरात पीठ उसनं आणावं लागलं. 'त्यांचंबी बरोबर हुतं गं. पण आमची चूल त्यांच्या भावात धरलेली नव्हती.' हे वाक्य मी प्रकल्पात पहिल्या पानावर लिहिलं. शेतकऱ्याचा लढा न्याय्य होता आणि त्या महिन्यात मजुराची चूल विझली होती. दोन्ही खरं.

आवाजात हात येत नाही, हे तेव्हा कळलं. काम करणाऱ्या माणसाचं बोलणं टिपायचं असेल तर व्हिडिओ करा, आणि तोंडापेक्षा हातावर कॅमेरा धरा.

बेळगाव शहर

आमचे आज्जोबा फौजेत होते, मराठा लाइट इन्फंट्रीत. मे महिन्यात सुट्टी लागली की बसू, असं मी म्हणत राहिलो. ते मार्चमध्ये गेले. माझ्याकडे त्यांच्या आवाजात एकच गोष्ट आहे, फोनवर पाठवलेला निरोप : 'येताना कुंदा आण, पाव किलो बास.' रोज ऐकतो.

येळ्ळूरजवळ

हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून चाललेल्या सीमालढ्याची गोष्ट आमच्या घरात मीठ-भाकरीसारखी. 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, 1 नोव्हेंबरला काळा दिन, हे लहानपणापासून. आज्जोबांनी सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. त्यांची मुलाखत मी घेण्याआधी तीन वेळा झाली होती, त्यामुळं ते बोलायला बसले की आवाजच बदलतो. मुद्देसूद, सनावळीसकट, भाषणासारखं. मला त्यांचा अभिमान आहे आणि ते रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय.

पण त्या दिवसांत घर कोणी चालवलं, हे आज्जीला कोणीच विचारलं नव्हतं. मी विचारल्यावर ती आधी आज्जोबांकडं बघायला लागली. मग दुपारी ते झोपल्यावर मला परसात बोलावलं. थोडं सांगितलं, बैल कुणाला विकला ते, कोणत्या सावकाराच्या दारात किती वेळ उभी राहिली ते. मग म्हणाली, 'पुढचं सांगतो, पर त्यो फोन बंद कर.' बंद केला. तिनं सगळं सांगितलं. ते मी कुठंही लिहिलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

सरांना मी सांगितलं की अर्धी मुलाखत आहे. सर म्हणाले, अर्धीच दे. मी त्यांची आभारी आहे.

नंदगड

थोडं कामाचं सांगतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या बोलण्यात कंपनीचा कॉल येतो. पंखा बंद, टीव्ही बंद, कोंबड्या बाहेर. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे मोठ्यानं म्हणा. फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि 'ठेवू का, शाळेत ऐकवू का' हे रेकॉर्डिंग सुरू असतानाच विचारा, म्हणजे होकार त्यांच्याच आवाजात राहतो. माझा फोन पाण्यात पडून दोन मुलाखती गेल्या आहेत.

संकेश्वर

आमच्या गल्लीतल्या अज्जी कन्नड, आम्ही मराठी. मी लहानपणापासून त्यांच्या ओसरीवर. 'ऊटा आतेन्री?' म्हणजे जेवण झालं का, हे त्यांचं पहिलं वाक्य, उत्तर मी मराठीत देणार, मग त्या मराठीत वळणार. त्यांची मुलाखत घेताना मी ठरवलं की त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावं, मी समजून घेईन. नवल म्हणजे त्या मधूनमधून मराठीत आल्या. ऐकताना नोंद केली : सासर, देव, भांडण आणि हिशेब कन्नडमध्ये, पिकं, पाऊस आणि माझ्या आज्जीबद्दलचं सगळं मराठीत. दोघी एकत्र सौंदत्तीला गाडीनं जायच्या, रेणुकेच्या यात्रेला. वाटेत रात्री मुक्काम, तीन दगडांची चूल, एकीचं पिठलं आणि दुसरीची शेंगाचटणी. सुगी म्हणतो आपण, त्या सुग्गी म्हणतात. कुणाचा शब्द कुणाकडं गेला, हे दोघींनाही कधी महत्त्वाचं वाटलं नाही.

ज्या वर्षी भाषेवरून दगडफेक झाली त्या वर्षाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, त्या आठवड्यात आम्ही दोघी एकमेकींच्या दारात गेलो नाही. कोण कुणाला रागावलं होतं? 'यारू इल्ला. कोनी न्हाई.' दोन्ही भाषांत एकदा एकदा. मग आठव्या दिवशी माझी आज्जी ताक मागायला गेली. आमच्या घरात ताक होतं, हे अज्जींना माहीत होतं.

लिहिताना मी सगळं मराठीत उतरवलं नाही. कन्नड वाक्यं देवनागरीत तशीच ठेवली आणि खाली अर्थ दिला.

हलशीच्या बाजूला

वाईट अनुभव लिहू का? काही वर्षांपूर्वी एका संस्थेची मंडळी आली, गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेऊन गेली. परत देतो म्हणाले. बायका वाट बघत राहिल्या. त्यातल्या दोघी आता नाहीत. ओव्यांचं काम चांगलं होऊ शकतं, हे मला माहीत आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या आणि त्यातल्या बऱ्याच आज कोणालाही वाचता-ऐकता येतात. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. आता मी गावातल्या मुलांना घेऊन उरलेल्या आज्ज्यांकडं पुन्हा जातोय. पहिली अट, रेकॉर्डिंग त्याच दिवशी त्यांच्या घरातल्या कोणाच्या तरी फोनवर टाकून मगच उठायचं.

धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. हलशीची अट उद्यापासून आमच्या शाळेत. निपाणीच्या ताईंचं वाचून मी मुलांना आज्जीला काम करताना बघायला पाठवलं, आणि एक मुलगा फक्त भाकरी थापणाऱ्या हातांचा चार मिनिटांचा व्हिडिओ घेऊन आला. त्यात एक शब्द नाही, बांगड्यांचा आवाज आहे.

एक मदत हवी. ज्या मुलीची वही मी आधी सांगितली, तिच्या आज्जीनं जात्यावरची एक ओवी अर्धी म्हटली आणि थांबली. पुढचं आठवत नाही म्हणाली, तिच्या आईला येत होतं. पहिली ओळ 'सुगी गं सरली, माझं अंगण मोकळं' अशी आहे. कडोली, उचगाव, बेळगुंदी भागात कोणाच्या घरी ही येत असेल तर कळवा. आज्जी रोज विचारते, कुणी सांगितलं काय.