‘छावा’ला गर्दी, ‘दशावतार’ला रिकाम्या खुर्च्या : इंदूरच्या मराठी प्रेक्षकाला हवंय काय?

रामबागकर : २०२५ मध्ये थिएटरात पाहिलेल्या दोन सिनेमांबद्दल स्पष्ट बोलतो. १४ फेब्रुवारीला आलेला, संभाजी महाराजांवरचा हिंदी ‘छावा’ मला अर्धाच भावला. विकी कौशलने जीव ओतलाय, त्यात वाद नाही. पण ‘बुधभूषण’ लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजा लक्ष्मण उतेकरांनी कुठे दाखवला? लढाई, गर्जना, पुन्हा लढाई. आणि येसूबाई! राजे मोहिमेवर असताना कारभार सांभाळणारी, ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा स्वतःचा शिक्का असलेली बाई इथे बहुतेक वेळ वाटच पाहते. याउलट सप्टेंबरातला मराठी ‘दशावतार’. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर, नजर अधू होत चाललेला त्यांचा बाबुली मेस्त्री. रंगवलेल्या चेहऱ्याआडचे ते डोळे मोठ्या पडद्यावरच बघावेत. खाणीपायी कोकणाचं काय होतं, ते या एका म्हाताऱ्यामुळे कळतं. अशा सिनेमाला आपली माणसं आली नाहीत, याचा मला खरंच राग आहे.

सुदामानगरची वाचक : दादा, नाही पटलं. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आमच्या कपाटात कितीतरी वर्षं आहे, मुलाने कधी हात लावला नाही. सिनेमा पाहून आला आणि रात्री जेवताना विचारतो, ‘आई, संगमेश्वरला दगा नक्की कुणी दिला?’ हिंदीत होता म्हणून शेजारची शर्मा, जैन मंडळीही गेली. शिवाय शेवटी राजे आणि कवी कलश साखळदंडात असताना ओळीला ओळ जोडतात. तिथे तुम्हाला कवी दिसला नाही? येसूबाईंबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे.

होळकरी : ताई, मुलाने प्रश्न विचारला हे छानच. पण सगळीकडे तसं झालं नाही. सिनेमा सुरू होतो १६८१ च्या बऱ्हाणपूरच्या छाप्याने, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात. पुढे मार्चमध्ये तिथल्याच असीरगडजवळच्या शेतांत लोक सिनेमातला खजिना खरा मानून रात्री टॉर्च घेऊन सोन्याची नाणी शोधत खणत बसले! नुसता आवाज वाढवून इतिहास सांगितला की हे असं होतं. आणि इथे तो करमुक्त होता, हेही धरा. गर्दी काय उगीच झाली?

सुदामानगरची वाचक : करमुक्त म्हणजे फुकट नव्हे हो. शंभराच्या वरच्या तिकिटावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, त्यातला राज्याचा वाटा ९. तेवढ्यासाठी कोणी घर बंद करून सहकुटुंब निघत नाही. लोक राजांसाठी गेले. आणि खणणाऱ्यांचं खापर सिनेमावर का फोडायचं?

रामबागकर : मान्य, राजांसाठीच गेले. म्हणून तर जास्त अपेक्षा होती. पण माझा मुद्दा आपल्या सवयीचा आहे. इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांचं सभासदत्व आपण वर्षाचे पैसे आधी भरून घेतो, कोणतं नाटक येणार हेही पुरतं ठाऊक नसतं. मराठी सिनेमाला मात्र ‘ओटीटीवर येईलच की’ म्हणतो.

तिसरी रांग : काका, नाटकाची तारीख आधी कळते, सुट्टी धरून असते. मराठी सिनेमाचा इथे एखादाच शो, तोही भर दुपारी. नोकरी करणाऱ्याने जायचं कसं? मला ‘दशावतार’ बघायचाच होता, रजा मिळेपर्यंत उतरला.

रामबागकर : पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या तरच संध्याकाळचा शो मिळतो. थिएटरवाला आकडा बघतो, भाषा नाही. पुढचा चांगला मराठी सिनेमा लागला की इथेच सांगतो, आपण पंधरा-वीस जण मिळून रविवारची तिकिटं काढू.

होळकरी : मी आहे. घरची चार धरा.

सुदामानगरची वाचक : मीही, मुलाला घेऊन. पण ‘छावा’वरचं माझं मत तेच आहे.