शब्दचर्चा : ‘फोरेन्सिक सायकियाट्रिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भाषांतरात हा शब्द सारखा येतोय. ‘गुन्हेगारी मानसशास्त्रज्ञ’ चालेल का, की ‘न्यायवैद्यक मानसोपचारतज्ज्ञ’ लिहू?

– पहिला नकोच. मानसशास्त्रज्ञ वेगळा. फोरेन्सिक सायकियाट्रिस्ट आधी डॉक्टर होतो, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि त्यानंतर कोर्टाच्या कामाकडे वळतो. शिवाय सगळी प्रकरणं गुन्ह्याचीच नसतात. मृत्युपत्र करताना माणसाला आपण काय करतोय याची जाण होती का, हेही त्याला विचारलं जातं.

– दुसऱ्या शब्दातला ‘उपचार’ मला खटकतो. कोर्टाच्या सांगण्यावरून तपासणी करताना हा डॉक्टर उपचार करत नसतो. समोर बसलेल्या आरोपीला तो सुरुवातीलाच सांगतो : ‘मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही. तुम्ही जे सांगाल ते माझ्या अहवालात येऊ शकतं.’ हे न सांगता प्रश्न विचारणं म्हणजे त्या माणसाची फसवणूकच, कारण डॉक्टर दिसला की आपण मन मोकळं करतो. म्हणून ‘न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञ’ लिहा. मानसिक आजार असलेल्या आरोपींना बंदोबस्तात ठेवणाऱ्या रुग्णालयांत हेच तज्ज्ञ उपचारही करतात. तरी त्यांनाही हा शब्द लागू पडतो.

प्रश्न : ‘न्यायसहायक’ का नाही?

– तो प्रयोगशाळांच्या नावात रुळलाय. वैद्यकाच्या बाबतीत ‘न्यायवैद्यक’च सवयीचा.

प्रश्न : आणि ‘इन्सॅनिटी’? ‘वेड’ लिहू?

– लिहू नका. हा आजार नाही, कायद्याची कसोटी आहे. 1843 साली डॅनियल मॅकनॉटननं ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड दगावले, ज्यूरीनं मॅकनॉटनला ‘इन्सॅनिटी’च्या कारणावरून निर्दोष ठरवलं, गदारोळ झाला आणि त्यातून न्यायाधीशांनी नियम घालून दिले : कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे आजारामुळे त्याला कळत नव्हतं का? स्किझोफ्रेनिया असलेला माणूसही या कसोटीवर दोषी ठरू शकतो. कृत्यानंतर हत्यार लपवलं, कपडे धुतले, तर ते चूक आहे हे त्याला कळत होतं का, याचा बारकाईनं विचार होतो. कायद्याच्या मराठीत ‘मनोविकल’ आहे, तोच वापरा.

– एक भर घालतो, कारण भाषांतरात इथे हमखास घोळ होतो. ‘मनोविकल’चा प्रश्न कृत्याच्या क्षणाचा, म्हणजे भूतकाळाचा. ‘खटल्याला सामोरं जाण्याची क्षमता’ आजची, म्हणजे खटल्याच्या वेळची : आरोप काय आहे, न्यायाधीश काय करतात, आपला वकील कोणता, हे त्याला समजतंय का? तिसरा प्रश्न पुढच्या धोक्याचा : हा माणूस पुढे कुणाला इजा करेल का? तिन्हींना ‘मानसिक स्थिती’ म्हटलंत तर वाचकाला काहीच उमगणार नाही. आणि तज्ज्ञ ‘निर्णय’ देत नाही, ‘अभिप्राय’ देतो. निर्णय कोर्टाचा.

प्रश्न : मग ‘मनोविकल ठरल्यानं आरोपी सुटला’ हे वाक्य बरोबर आहे ना?

– ‘सुटला’ काढा. मॅकनॉटन निर्दोष ठरला तरी घरी गेला नाही. आधी बेथलेम, मग ब्रॉडमूर, अशा इंग्लंडमधल्या दोन मनोरुग्णालयांत त्याला ठेवलं. 1865 साली मरेपर्यंत तो कोंडलेलाच होता. ‘शिक्षा न होता रुग्णालयात ठेवण्यात आलं’ असं सरळ लिहा.